सगळ्यांना माफ केलं आहे

१२ फेब्रुवारी १९८६, बुधवार. सकाळ.

आज भस्म बुधवार. उपवासकाळ सुरू. आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक दरवर्षी मटण सोडतात आणि ईस्टरला दुप्पट खातात. मी यंदा राग सोडणार. म्हणजे मला राग येतच नाही. पण लोक असे वागतात की यायला पाहिजे. त्याचा कायमचा बंदोबस्त.

रेझोल्यूशन: ईस्टरपर्यंत शंभर टक्के प्रभूसारखं वागायचं. कोणी कितीही उद्धट बोललं तरी हसायचं. जागच्या जागी क्षमा करायची आणि त्या माणसाला तसं स्पष्ट सांगायचं. नाहीतर बिचाऱ्याला कळणार कसं?

कारण लिहून ठेवतो. गेल्या जूनमध्ये प्रभूने आमच्या उदयला बोलावून घेतलं. हर्सूलच्या पुढं, त्याची स्कूटर आणि एक टेम्पो. एकुलता एक. इंजिनिअरिंगला होता. प्रभूची इच्छा, मी त्याच दिवशी स्वीकारली. दफनाच्या वेळी सगळ्यांचे आवाज फुटले होते, गायनाचं शेवटचं कडवं मी एकट्याने सुरात पूर्ण केलं. पाळकसाहेब साक्षीला आहेत.

पण तेव्हापासून आजूबाजूची माणसं फार बिघडली. ऑफिसात बद्रीनाथ. शेजारी द्वारकाबाई. आणि लिहायला वाईट वाटतं, पण घरात शैला. दुःखी कुटुंबाशी कसं वागावं हे कोणाला कळतच नाही. शैला तर त्याच कुटुंबातली.

संध्याकाळ. जेवताना शैलाला रेझोल्यूशन समजावून सांगितलं. ती म्हणाली, भाजीत मीठ आहे का बघा, मला हल्ली चव कळत नाही.

एवढ्या मोठ्या विषयावर मीठ! तिथंच क्षमा केली. सुरुवात चांगली झाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

बद्रीनाथ माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. गेले कित्येक महिने न विचारता माझ्या टेबलावरच्या फायली उचलतो आणि स्वतः पूर्ण करतो. साहेबांपुढं शायनिंग. सही मात्र माझी घेतो.

आज पुन्हा उचलल्या. मी उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, बद्रीनाथ, मी तुला क्षमा करतो.

सगळं ऑफिस बघायला लागलं. बद्रीनाथने फायली काखेत धरल्या. मग म्हणाला, शांतवन, यार, तू कधीतरी एक शिवी दे मला. बरं वाटेल तुला.

हा त्याचा दर्जा. दुपारी माझ्या डब्यात स्वतःची अर्धी भाकरी टाकली, जसं काही आमच्या घरी चूल पेटत नाही. तेही माफ केलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

शनिवारी हाफ डे. घरी आलो तर द्वारकाबाई स्वयंपाकघरात शैलाजवळ बसलेल्या. छावणीत एवढी घरं आहेत, या बाईला रोज दुपारी आमचंच घर लागतं. दार वाजवायची पद्धत नाही. आतून शैलाच्या रडण्याचा आवाज. द्वारकाबाई तिला काही समजावत नव्हत्या, नुसत्या पाठीवरून हात फिरवत होत्या. म्हणजे उत्तेजनच.

मी दारात उभा राहून प्रेमाने म्हणालो, शैला, जो प्रभूकडं गेला त्याच्यासाठी रडणं म्हणजे अविश्वास आहे. आणि दोघींसाठी एक गायन म्हणायला घेतलं.

पहिलंच कडवं झालं असेल. द्वारकाबाई उठल्या आणि म्हणाल्या, भाऊ, तुम्ही जरा बाहीर बसा बरं. आणि माझ्या तोंडावर माझ्याच स्वयंपाकघराचं दार लावलं.

दाराबाहेरच्या ओट्यावर बसलो. हसत होतो. समोरून जाणाऱ्या एका माणसाने विचारलं, काय झालं? म्हणालो, काही नाही, क्षमा करतोय.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

महत्त्वाचा दिवस. दानधर्म.

उदयचं कपाट तसंच पडून होतं. दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा, आणि इथं तर अंगरखे घालणारा नाही. शैला बाजारात गेली असताना सगळं गाठोड्यात बांधलं आणि मुलांच्या वसतिगृहात नेऊन दिलं. पँटी, शर्ट, ब्लेझर, शैलाने विणलेला निळा स्वेटर. वॉर्डन फार आभारी. मी म्हणालो, माझं नाव सांगू नका. मग म्हणालो, कोणी विचारलंच तर सांगा.

घरी परत येताना मन हलकं. शैलाला सरप्राइज द्यायचं ठरवलं.

संध्याकाळ. सरप्राइज नीट गेलं नाही. शैलाने कपाट उघडलं. ती ओरडली नाही, रडली नाही. कपाटाच्या पुढ्यात खाली बसली आणि रिकाम्या फळीवर हात ठेवून राहिली. मी दिवा लावला. तिने बंद करायला सांगितला.

ओरडणाऱ्या माणसाला माफ करणं सोपं. गप्प बसणाऱ्याला कुठून सुरुवात करायची?

२० फेब्रुवारी, गुरुवार.

शैला आज वसतिगृहात गेली आणि स्वेटर परत मागून आणला! दान दिलेली वस्तू! वॉर्डनपुढं मला आता तोंड दाखवायला जागा नाही.

मी शांतपणे तिच्यापुढं बसलो, तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, शैला, मी तुला क्षमा केली आहे.

तिने हात काढून घेतला. म्हणाली, अहो, माझ्यावर एक उपकार करा. मला माफ करू नका.

क्षमा नाकारणं हा गर्वाचा शेवटचा प्रकार. प्रभूलाही घरच्यांनी ओळखलं नव्हतं.

स्वेटर तिच्या उशीखाली आहे. मी पाहिला नाही असं दाखवलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

डोकं दुखतं. उपवासकाळात साखरही सोडली आहे. गुळाचा चहा घेतो, गूळ साखरेत धरत नाहीत.

आज द्वारकाबाई, बद्रीनाथ, रिक्षावाला, पोस्टातला माणूस. सगळ्यांना माफ केलं. रिक्षावाल्याला दोनदा सांगावं लागलं, त्याला पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं.

२ मार्च, रविवार.

ही छोटी माणसं म्हणजे प्रॅक्टिस होती, हे काल रात्रीपासून लक्षात आलं. खरी परीक्षा एकच. टेम्पोचा ड्रायव्हर.

नाव सांडू. पिशोरचा. कांदे, भाजीपाला घेऊन शहरात येतो. जामिनावर सुटलाय, केस चालू आहे. हर्सूलच्या नाक्यावर त्याचा टेम्पो उभा असतो. मी त्याला अजून पाहिलेलं नाही. घाटीच्या दवाखान्यात त्या दिवशी मी पोचलो तेव्हा पोलीस त्याला घेऊन गेले होते. शैला माझ्या आधी पोचली होती.

आज उपासनेत प्रार्थनेची वेळ आली तेव्हा मी उभा राहिलो आणि जाहीर केलं की या उपवासकाळात मी स्वतः जाऊन त्या माणसाला क्षमा करणार आहे, आणि ईस्टरला त्याची साक्ष देईन.

वाटलं होतं, लोक हालेलुया म्हणतील. शैला उठली आणि प्रार्थनेच्या मध्येच बाहेर गेली. तिच्या मागोमाग चारपाच बायका. उपासना संपल्यावर पाळकसाहेब माझा हात धरून म्हणाले, त्रिभुवन, शैलाबाईंना विचारलंत का?

पाळकाने विचारावा असा हा प्रश्न? क्षमा करायला बायकोची परवानगी?

बाहेर सगळे शैलाभोवती. माझ्याजवळ कोणी आलं नाही. मी सायकलीचं कुलूप काढण्यात बराच वेळ घालवला, कोणाला यायचं असेल तर यावं म्हणून.

३ मार्च, सोमवार.

शैला आपणहून बोलली. कितीतरी दिवसांनी. म्हणाली, त्या सांडूकडं जाऊ नका.

म्हणालो, का?

म्हणाली, नका जाऊ, एवढंच.

मी समजावलं की मनात कडवटपणा ठेवला तर तो आपल्यालाच खातो. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, तुम्हाला झेपणार नाही हो.

मला! झेपणार नाही! ज्याने दफनाला शेवटचं कडवं पूर्ण केलं त्याला!

तिच्यासाठी मोठ्याने प्रार्थना केली. ती मध्येच पोळ्या करायला उठली.

८ मार्च, शनिवार.

ऑफिस सुटल्यावर हर्सूल. सोबत डझनभर केळी.

सांडू सापडला. माझ्या डोक्यात दांडगा, लाल डोळ्यांचा माणूस होता. हा बारीक, खांदे पडलेला, दाढी वाढलेली. टेम्पोच्या सावलीत पोत्यावर बसून पाव खात होता. माझं नाव सांगितलं. त्याने पाव खाली ठेवला.

मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मी उदय त्रिभुवनचा बाप, तुला मनापासून क्षमा करायला आलो आहे.

तो म्हणाला, साहेब, माफी कुणी मागितली?

मी हसलो. केळी पुढं केली.

तो म्हणाला, कुणाची चूक ते कोर्ट ठरवील. पोरगं गल्लीतनं एकदम भायेर आलं. मी ब्रेक मारला, बसला नाय. तवापासून मला झोप नाय. तुमी माफी देऊन मोकळे व्हायलेत, मी काय करू?

एवढा उद्धटपणा मी आयुष्यात पाहिला नव्हता. तरी आवाज चढवला नाही. म्हणालो, तू मागितली नाहीस तरी मी दिली आहे. ती तुझ्याजवळ राहू दे.

तो म्हणाला, घेऊन जा परत.

केळी तिथंच ठेवून आलो. मागे वळून पाहिलं तर त्याने एकालाही हात लावला नव्हता.

एक शंका. पोरगं गल्लीतनं बाहेर आलं, म्हणाला. उदयचं कॉलेज शहराच्या त्या टोकाला. भरदुपारी तो हर्सूलच्या पुढं काय करत होता, हे मी कधी विचारलंच नाही. कोणाला विचारणार? ड्रायव्हर लोक बचावासाठी काहीही बोलतात. पुढं जाऊ या.

१० मार्च, सोमवार.

बद्रीनाथला विजय सांगितला. म्हणजे पहिला टप्पा. तो म्हणाला, एकटा नको जाऊ तिकडं. मी येतो तुझ्यासोबत.

क्रेडिटमध्ये वाटा पाहिजे. माफ केलं.

१६ मार्च, रविवार.

उपासनेनंतर पुन्हा हर्सूल. या वेळी केळी नाहीत. शुद्ध प्रेम.

सांडूने मला बघून टेम्पोची काच वर केली. मी काचेबाहेर उभा राहिलो. ऊन कडक. बाकीचे ड्रायव्हर बघत होते, एक जण म्हणाला, अरे सांडू, तुझा पाव्हना आलाय. शेवटी त्यानेच काच खाली केली.

म्हणाला, साहेब, का छळायलेत? मी बाईला सांगितलंय समदं. त्याच दिवशी. आता पुन्हा पुन्हा नाय सांगवत.

म्हणालो, बाईला सांगितलंस ते उत्तम केलंस. पत्नीपाशी कबुली दिली की मन हलकं होतं. मलाही सांग.

तो माझ्याकडं विचित्र बघत राहिला. मग टेम्पो चालू करून निघून गेला. धूर माझ्या अंगावर.

प्रोग्रेस आहे. त्याने घरात कबुली दिली आहे. दगड विरघळतोय.

घरी शैलाने विचारलं, गेला होतात का? म्हणालो, होय. तिने विचारलं, काय म्हणाला? म्हणालो, काच वर केली. ती सुटल्यासारखी श्वास सोडून आत गेली. मला वाटतं, तिला माझं अपयश बघून बरं वाटतं. प्रभू तिला सुबुद्धी देवो.

२३ मार्च, झावळ्यांचा रविवार.

मिरवणुकीत मी पुढं होतो. पाळकसाहेबांना ईस्टरच्या साक्षीची आठवण दिली. ते म्हणाले, बघू. मी म्हणालो, बघू नाही, लिहून घ्या. ते म्हणाले, त्रिभुवन, तुम्ही एकदा शैलाबाईंजवळ बसा, नुसते बसा, काही बोलू नका.

त्यांनाही माफ केलं. पाळकाला माफ करायची ही पहिलीच वेळ. थोडं संकोचल्यासारखं झालं.

साक्षीची प्रॅक्टिस. आरशापुढं. रडू येईल तिथं थांबायचं असं लिहून ठेवलंय. तीनदा म्हटली, तिन्ही वेळा थांबलो, रडू आलं नाही. स्टेजवर येईल.

२७ मार्च, गुरुवार. दुपार.

प्रभूने आजच्या दिवशी शिष्यांचे पाय धुतले. सकाळी उठल्याबरोबर कळलं की सांडूचे पाय धुवायचे. याच्यापुढं कोणाचंही मन टिकणार नाही. ऑफिसात रजा टाकली. तांब्या, टॉवेल, साबणाची नवी वडी. पाणी तिथल्या नळाचं घेईन. निघतो.

त्याच दिवशी. संध्याकाळ.

लिहितो. जसं झालं तसं.

सांडू टेम्पोच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसला होता. मी काही न बोलता त्याच्यापुढं गुडघे टेकले आणि त्याचा पाय धरला. चप्पल काढली. भेगा पडलेला पाय. पाणी ओतलं. ड्रायव्हर, हमाल सगळे गोळा झाले. कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, येडं झालं बिचारं.

सांडू म्हणाला, पाय सोडा साहेब. लोक बघायलेत.

मी सोडला नाही. साबण लावला.

तो ओरडला, सोडा म्हणतो ना! आणि पाय ओढून घेतला. तांब्या उडाला. मग तो खाली उतरला आणि माझ्यासमोर तसाच ओल्या मातीत बसला. मला वाटलं, आता होणार. आता मागणार.

तो म्हणाला, ऐकायचंच हाय ना तुमाला? ऐका मग. घाटीपस्तोर तुमच्या पोराचं डोस्कं माझ्या मांडीवर व्हतं. टेम्पो क्लीनरनं चालवला. पोरगं शुद्धीवर व्हतं. बोलत व्हतं.

मी विचारलं, काय बोलत होता? प्रार्थना करत होता का?

सांडू म्हणाला, नाय. म्हणला, पप्पांना सांगू नका. पप्पा जेवणार नाहीत. पुन्हा पुन्हा त्येच. पप्पा जेवणार नाहीत. मला वाटलं, बापाला साखरेचा आजार हाय का काय. मी म्हणलो, जेवतील रं राजा, मी खाऊ घालतो त्यांना, तू डोळे उघडे ठेव. तर मला म्हणला, तुमाला माहीत नाय ते.

सांडू रडायला लागला. त्याच्या पायाला अजून साबण होता.

मी टॉवेल तिथंच विसरलो. चालत आलो. कसा आलो कोणास ठाऊक.

सांडू खोटं बोलतो. केस चालू आहे, वकिलाने पढवलं असेल.

उदयला मी कधी हात लावला नाही. बाकीचे बाप पट्ट्याने मारतात. मी त्याच्या चुकीची शिक्षा स्वतः घ्यायचो. त्याला कमी मार्क पडले, तो खोटं बोलला, उशिरा आला, की मी जेवत नसे. त्याला ताटावर बसवायचो आणि समोर हात जोडून बसायचो. तू जेव बाळा, तुझ्यासाठी मी उपाशी राहतो, मी तुला माफ केलं आहे. लहानपणी तो घास तोंडात घेऊन रडायचा. मला वाटायचं, मन बदलतंय. मोठा झाल्यावर रडायचा बंद झाला. भराभर जेवून उठायचा.

हे घराबाहेर कोणाला माहीत नाही.

मग सांडूला कसं कळलं?

२८ मार्च, उत्तम शुक्रवार.

तीन तासांच्या उपासनेत एक शब्द कानात गेला नाही. लोक गात होते, माझं पुस्तक उघडलेलं, ओठ हलत नव्हते. शैला बाजूला. तिने एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पान उलटून दिलं.

घरी आल्यावर विचारलं. सांडू ज्या बाईला सगळं सांगितलं म्हणतो, ती बाई तू का?

म्हणाली, होय.

कधी?

म्हणाली, त्याच दिवशी. घाटीत. तुम्ही यायच्या आधी. पोलीस त्याला न्यायला आले होते, तो म्हणाला, थांबा, आधी याच्या आईला सांगू द्या.

मी विचारलं, असं काय होतं की मला सांगायचं नव्हतं त्याला?

शैला स्टुलावर बसली. म्हणाली, नापास झाला होता. दुसऱ्यांदा. सकाळी रिझल्ट बघून आला तेव्हा तुम्ही ऑफिसात होतात. माझ्यापुढं उभा राहून थरथरत होता, एवढा मोठा पोरगा. म्हणाला, आई, मी नापास झालो त्याचं काही नाही, पण आता पप्पा किती दिवस जेवणार नाहीत? मी म्हणाले, दोन दिवस मामाकडं फुलंब्रीला जा. मी पप्पांना सांगते, मी जेवायला घालते, मग ये. तो नको म्हणत होता. मीच स्कूटरची किल्ली हातात दिली.

ती पुढं म्हणाली, मीच पाठवलं त्याला त्या रस्त्यावर.

माझं तोंड उघडलं. सवयीने. शैला, मी तुला

तिने हात वर केला. मी थांबलो.

शेजारी द्वारकाबाई भांडी घासत होत्या, त्यांचा आवाज थांबला.

मग मी विचारलं, एवढे दिवस मला का सांगितलं नाहीस?

ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही त्याला माफ केलं असतं. भर मंडळीत, उभं राहून. मेल्यावर तरी पोराची सुटका व्हावी म्हटलं.

आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली.

२९ मार्च, शनिवार.

ऑफिस. बद्रीनाथने फायली नेल्या. मी काही बोललो नाही. त्याने वळून पाहिलं, परत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि गेला.

शर्ट, पँटी परत आणाव्यात म्हणून संध्याकाळी वसतिगृहात गेलो. मुलांनी वापरायला काढले होते. एक मुलगा उदयचा चौकड्यांचा शर्ट घालून नळावर तोंड धुत होता. वॉर्डन म्हणाला, काढायला सांगू का?

म्हणालो, नको. त्याला फिट बसतोय.

३० मार्च, ईस्टर.

पाळकसाहेबांनी विचारलं, साक्ष? मान हलवून नाही म्हणालो. त्यांनी आग्रह केला नाही. सगळे एकमेकांना भेटत होते, सलाम करत होते. कोणी उद्धट बोललं नाही. मीच बाहेर कोपऱ्यात उभा होतो.

दुपारी शैला म्हणाली, मी काही दिवस नगरला बहिणीकडं जाते. मी विचारलं, किती दिवस? म्हणाली, माहीत नाही. तुम्हाला राग आला का?

येत नाही असं म्हणायला गेलो. ते न म्हणता तिची बॅग माळ्यावरून काढून दिली.

१ एप्रिल, मंगळवार.

शैलाला सोडायला स्टँडवर गेलो. दुपारची बस. गर्दी. मी बॅग घेऊन आत चढलो, खिडकीजवळची जागा धरली, तिला बसवलं. बॅग वर बसेना. कंडक्टर दारातून ओरडला, ओ म्हातारबुवा, सोडायला आला का वरात काढायला? उतरा खाली, बस काय तुमच्या बापाची हाय?

मी वळलो. हसायचं होतं. ते मला येतं, चांगलं येतं.

मी ओरडलो. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. म्हणालो, माझं पोरगं मेलंय! कळतंय का तुला? मेलंय ते! टेम्पोखाली मेलं! प्रभूकडं बिरभूकडं गेलं नाय, मेलं! मला भिऊन घरातनं पळालं आणि मेलं!

कोणीतरी मुलाला जवळ ओढलं. मी थांबत नव्हतो. शिव्या दिल्या. कंडक्टरला, टेम्पोला, कॉलेजाला, स्वतःला. गावाकडच्या शिव्या, लहानपणी ऐकलेल्या, मला वाटलं होतं मी विसरलो. रडत होतो, नाक गळत होतं, बॅग छातीशी धरलेली.

कंडक्टर घाबरून शैलाला म्हणाला, बाई, कोण हाय हा माणूस?

शैला म्हणाली, माझे मिस्टर आहेत. बोलू द्या त्यांना.

कंडक्टरने घंटी मारली नाही. मी बोलत राहिलो. शैलाच्या शेजारची बाई उठली आणि मला बसायला जागा करून दिली. मी शैलाजवळ बसलो. तिने बॅग माझ्या हातातून काढून पायाशी ठेवली आणि माझं नाक तिच्या पदराने पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं, जरा जोरातच.

मग ती म्हणाली, उतरा आता. लोकांना उशीर होतोय.

मी उतरलो. कंडक्टरने दंडाला धरून उतरवलं. त्याची माफी मागायची होती, तेवढ्यात घंटी वाजली.

बस नगरच्या रस्त्याला लागेपर्यंत दिसत होती. शैलाने मागं वळून पाहिलं का, ते गर्दीत कळलं नाही.